केंद्राध्यक्ष खरात मामा

माझ्या मुलीच्या बारशाला खरात मामांनी मतदान घेतलं होतं.

नाव ठेवायचा मान आत्याचा. माझी बहीण जालन्याहून ‘आरोही’ हे नाव पक्कं करूनच आली होती. सासूबाईंच्या मनात मात्र ‘समृद्धी’ होतं. पाळण्याच्या एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला सासूबाई, दोघींच्या हातात पाळण्याची दोरी आणि दोघींची तोंडं दोन भिंतींकडं. बायकांची कुजबुज सुरू झाली. घुगऱ्या गार व्हायला लागल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला, “थांबा! कुनीबी नाव उच्चारायचं नाय. आचारसंहिता लागली!”

पाहतो तर खरात मामा. दोन्ही काखेत एकेक डबा, खिसा चिंचोक्यांनी फुगलेला.

“मामा, अहो बारसं आहे हे,” मी म्हणालो.

“मंग? पोरगी काय तुमची एकल्याची हाय का? उद्या गल्लीत खेळनार. हाका कोन मारनार? गल्ली. मंग नाव कुनी ठरवायचं?”

अठरा मतं पडली. नऊ-नऊ. मामांनी ईश्वरचिठ्ठी टाकली आणि सासूबाई निवडून आल्या. त्या वर्षी भाऊबीजेला मला जालन्याला जाऊन बहिणीच्या पाया पडावं लागलं. आजही ती भाचीला आरोहीच म्हणते आणि मामांचं नाव निघालं की पदर खोचते.

आता मामा आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत नाहीत. गल्लीत हल्ली सगळं व्हॉट्सअॅपवर ठरतं. अंगठा दाखवायचा, झालं. कुणी काय अंगठा दाखवला ते सगळ्यांना दिसतं. मामांनी हे पाहिलं असतं तर मतदान केंद्रच रद्द केलं असतं.

दगडू खरात हे त्यांचं नाव. तहसील कचेरीत एकतीस वर्षं शिपाई. आपल्याकडं शिपायाला सगळे मामाच म्हणतात, त्यामुळं तालुकाभर त्यांना भाचे होते. नोकरीत फाईल, टपाल आणि साहेबांचा डबा एवढंच काम. पण निवडणूक लागली की मामांच्या अंगात वारं शिरायचं. मतदान केंद्रावर केंद्राध्यक्ष म्हणून मास्तर, मदतीला आणखी दोन मास्तर आणि पेट्या उचलायला मामा. “मास्तर आकडा मांडायचा, मी पेटी उचलायचो,” ते सांगायचे. “किती सरकारं बसवली आमी दोघांनी, मास्तरनं आन् मी!” मतदानाची यंत्रं आली तेव्हा ते नाराज झाले. “पेटीला वजन असायचं, सर. जनतेचं वजन खांद्याला कळायचं. ह्या मशीनीत पाच मतं पडू द्या का पाचशे, वजन तेवढंच!”

निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःला बढती दिली. जन्मभर शिपाई राहिलेला माणूस आमच्या गल्लीचा केंद्राध्यक्ष झाला. गल्लीत कसलाही वाद निघो, मामांचे डबे बाहेर यायचे. गतिरोधक कुठं करायचा, नळाला पाणी आल्यावर पहिली मोटार कुणी लावायची, मोकाट कुत्र्याला दूध घालावं का नाही. मतपत्रिका म्हणून चिंचोका. कागदी चिठ्ठी त्यांना नामंजूर. “चिठ्ठीवर अक्षर वळखू येतं. चिंचोक्याला जात नाय, अक्षर नाय. गुप्त मंजे गुप्त!”

पहिल्या मतदानात मात्र मोठी चूक झाली. आमच्या कोपऱ्यावर रशीदभाईंचं चहाचं हॉटेल. चहात आलं घालावं का नाही, हा प्रश्न. मामांनी ‘घालावं’ला पत्र्याचा डबा ठेवला आणि ‘घालू नये’ला प्लास्टिकची बरणी. पत्र्यात चिंचोका पडला की टण्, बरणीत पडला की टप्. रशीदभाई बाहेरच्या पायरीवर कान देऊन बसले. दुसऱ्या दिवशी ज्यांनी टण् केलं होतं त्यांच्या चहात आलं एवढं, की डोळ्यांतून पाणी आलं. “पब्लिक की मर्जी, साब,” रशीदभाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. तेव्हापासून मामांनी दोन्ही डबे पत्र्याचे केले आणि तळाला फडकं घातलं.

बारशासारखा अपवाद सोडला तर मतदान कायम मामांच्या घरात, तेही आतल्या खोलीत, मामींच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या पडद्याआड. एका वेळी एकच मतदार आत. आत गेलं की मामा आधी तांब्याभर पाणी द्यायचे, “उन्हातून आलाव, टेका जरा,” म्हणायचे, मग नखावर मार्करनं रेघ ओढायचे आणि मग चिंचोका हातात. एका मतदाराला दहा मिनिटं लागायची. लोक कंटाळायचे. पण जायचे.

माझं आणि मामांचं सूत जुळलं ते मी मास्तर म्हणून. माझा बाप धान्याच्या मोंढ्यात हमाल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुठंही सांगतो, लाजत नाही. बी. ए. झालो, बी. एड. झालो. पदवीदानाचा झगा घातलेला माझा फोटो बैठकीत आहे. मामा पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्या फोटोसमोर चप्पल काढून उभे राहिले. “बापानं पोतं उचललं आन् पोरानं आकडा मांडला,” ते म्हणाले, “आता कसं बराबर झालं.” त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा मामा माझ्या ओट्यावर घ्यायचे. मामी वारल्या होत्या, मुलगा पुण्यात. मला वाटायचं, मामांना माझ्या बायकोचा चहा आवडतो.

मास्तर म्हणजे मी कसला मास्तर, तेही सांगतो. आमची शाळा टप्प्यावर. म्हणजे सरकार पगाराला अनुदान देतं, पण टप्प्याटप्प्यानं. पहिली आठ वर्षं शून्य. मग वीस टक्के. मग चाळीस. बारा वर्षं झाली आणि मी चाळीस टक्क्यांवर उभा होतो. उरलेलं घर शिकवण्या घेऊन आणि बायकोच्या शिलाई मशीनवर चालायचं. हे बाहेर कुणाला खरं वाटत नसे. लोकांच्या डोळ्यांपुढं मास्तर म्हणजे एकच: लाखभर पगार, बुलेट, प्लॉट आणि मे महिन्याची सुट्टी.

असं असताना संप लागला. बेमुदत. पुऱ्या पगाराचे, अर्ध्या पगाराचे, बिनपगाराचे, सगळे एकत्र. क्रांती चौकात मांडव पडला. महिना जानेवारीचा, दहावीची परीक्षा तोंडावर. गल्लीतून मांडवाकडं जाताना रशीदभाईंचं हॉटेल ओलांडावं लागे. ती माझी रोजची परीक्षा.

“काय सर, आज शाळा का चौक?” बाकड्यावरून कुणीतरी विचारायचं.

“चौक.”

“मजा हाय राव. शाळेत गेलं तरी पगार, चौकात बसलं तरी पगार.”

“संपाचे दिवस कापतात,” मी म्हणायचो, “आणि मला चाळीस टक्केच मिळतो.”

“तो सर, चालीस टका पढाओ ना!” रशीदभाई आतून ओरडायचे. “अ से घ तक. आगे का गव्हर्मेंट को पूछो!”

सगळं हॉटेल हसायचं. खरं सांगतो, मीसुद्धा हसायचो. पण चौकात पोचेपर्यंत ते हसू उतरलेलं असायचं.

हॉटेलात सगळ्यांत मोठा आवाज पडूळशेठचा. त्यांची पिठाची गिरणी. स्वतः सातवीत शाळा सुटलेली. मुलगी श्रेया आमच्याच शाळेत दहावीला, हुशार. पडूळशेठ तिला ‘मॅडम’ म्हणायचे, इतका त्यांचा तिच्यावर जीव. “माझं वर्ष गेलं तं मी गिरणीत बसलो,” ते टेबलावर हात आपटून म्हणायचे, “तिचं वर्ष गेलं तं ती कुठं बसंल? ह्येंच्या पगारापायी माझी पोरगी कामून भरडायची?” श्रेया मला पाहून पूर्वी “गुड मॉर्निंग सर” म्हणायची. आता मान खाली घालून सायकल जोरात मारायची.

तिसऱ्या आठवड्यात पडूळशेठनी पत्र तयार केलं. शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांना: ‘आम्ही सर्व पालक व रहिवासी विनंती करतो की, संपकरी शिक्षकांना कमी करून त्यांच्या जागी तासिकेवर नवीन शिक्षक ताबडतोब नेमावेत.’ अध्यक्षांना नेमकं असंच निमित्त हवं होतं. तासाप्रमाणं पैसे घेणारी तरणी पोरं दारात उभी होती. शेजारच्या तालुक्यात एका शाळेत असं पत्र आल्यावर दोघांना घरी बसवल्याचं आम्ही ऐकून होतो. माझी बारा वर्षं त्या कागदावर टांगली गेली. अजून आठ-दहा वर्षं काढली असती तर शंभर टक्के. आता शून्य.

पडूळशेठ सह्या गोळा करायला निघाले आणि पहिल्याच घरासमोर मामांनी त्यांना अडवलं.

“सह्या चालनार नाय.”

“कामून? सही मंजे सहीच की!”

“समोर उभं ऱ्हाऊन सही मागितली तं मानूस कशावरबी सही करतो, पडूळशेठ. माझ्या साहेबानं एकदा धोब्याच्या यादीवर सही केलती. गल्लीचं नाव घालायचं आसंल तं गल्लीचं मत घ्या. ऐतवारी मतदान. आचारसंहिता आजपासून!”

मला वाटलं, मामा माझ्या बाजूनं उभे राहिले. संध्याकाळी चहा घेऊन ओट्यावर वाट पाहिली. मामा आले, पण ओट्याच्या खालीच थांबले.

“सर, चहा नगं.”

“का हो?”

“तुमी उमेदवार हाव. केंद्राध्यक्षानं उमेदवाराचा चहा घ्यायचा नसतो.”

“मामा, अहो माझी नोकरी जाईल.”

“म्हनून तं,” मामा म्हणाले आणि निघून गेले. चार दिवस त्यांनी माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही. पडूळशेठनी गिरणीवरून फुकट पीठ पाठवलं, तेही परत गेलं. बायको म्हणाली, “बघा तुमचे मामा. कपभर चहाला महाग झाले.” मला रागच आला होता. एकतीस वर्षं साहेबांची पाणक्याची कामं केलेल्या माणसाला माझ्याच वेळी कायदा आठवावा!

रविवारी मतदान झालं. एका घराला एक मत. सकाळी नऊला मामांनी खाकी शर्ट घालून दोन्ही डबे उलटे करून दाखवले, “बगून घ्या, रिकामे हायेत.” एका डब्यावर ‘पत्र द्यावं’, दुसऱ्यावर ‘देऊ नये’. पडूळशेठ आणि मी दारात दोन बाजूंना, मतमोजणीचे साक्षीदार. एकेचाळीस घरं. एकेक माणूस आत जायचा, पाणी प्यायचा, बाहेर यायचा, आणि माझ्याकडं पाहायचं टाळायचा. मी मनात हिशोब मांडला होता: माझं एक, रशीदभाईंचं कदाचित, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं आणि आणखी एखादं. चार.

चार वाजता मामांनी डबे पालथे केले. पाच-पाचचे ढीग लावले. दोनदा मोजले. उभे राहिले.

“पत्र द्यावं, सव्वीस. देऊ नये, पंधरा. पत्र द्यायचं ठरलं.”

आवाजात काडीचा फरक नाही. पडूळशेठनी टाळी वाजवली. मी मात्र त्या पंधराच्या ढिगाकडंच बघत राहिलो. पंधरा घरं! तीन आठवडे हॉटेलात माझ्या बाजूनं एक ओठ हलला नव्हता, आणि पडद्याआड पंधरा जणांनी हात हलवला होता. हरलो होतो, पण त्या दिवशी घरी जाताना पहिल्यांदा मी मान वर करून गेलो. लोक मोठ्यानं काय बोलतात आणि फडक्यावर चिंचोका गुपचूप कुठं ठेवतात, यांतलं अंतर मला बी. ए.च्या राज्यशास्त्रानं शिकवलं नव्हतं.

“आणा पत्र,” पडूळशेठ म्हणाले, “मी आत्ता व्हॉट्सअॅप करतो अध्यक्षाला.”

“ठरावात काय हाय?” मामांनी पडूळशेठनी मतदानाआधी लिहून दिलेला ठरावाचा कागद पुढं धरला. “लेखी. समक्ष. पोच घेऊन. तुमीच लिवलंय. टपाल केंद्राध्यक्ष पोचवनार.” आणि पत्र घडी करून खाकी शर्टाच्या खिशात घातलं, खिशाला बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्रांती चौकात मांडवात बसलो होतो. साडेदहाच्या सुमाराला समोर मामा. तोच शर्ट, तेच बटण.

“मामा, पत्र दिलं?”

“निघालोय,” म्हणाले आणि चपला काढून सतरंजीवर बसले.

शाळा उस्मानपुऱ्यात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मामा रोज तिथं जायचे, हे खरं. शाळेच्या वॉचमनला अध्यक्ष कधी येतात ते नीट विचारून घ्यायचे. अध्यक्ष साडेअकराला येणार असं कळलं की मामा साडेदहाला जाऊन यायचे. सकाळीच येऊन गेलेत असं कळलं की दुपारी जायचे. संध्याकाळी हॉटेलात पडूळशेठ विचारायचे, “दिलं का, मामा?”

“गेलतो. साहेब जागेवर नव्हते.”

“मंग क्लार्ककडं द्यायचं!”

“समक्ष.”

चार दिवसांनी पडूळशेठ स्कूटीवरून थेट चौकात आले. मामा तेव्हा जारमधून ग्लास भरून मास्तरांना वाटत होते.

“मामा! तुमी हितं?”

“टपाल घेऊन निघालोय. रस्त्यात चौक लागतो.”

“उस्मानपुऱ्यातून उस्मानपुऱ्यात जायला क्रांती चौक कुठं लागतो वो?”

“मी लांबच्या रस्त्यानं जातो,” मामा शांतपणे म्हणाले. “जवळच्या रस्त्यानं रिक्षावाले लई कट मारतेत. पानी घ्या, उन्हातून आलाव.”

पडूळशेठ काही बोलणार होते, पण हातात ग्लास आला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मांडवातल्या फलकाकडं पाहिलं. त्यावर ‘० टक्के, २० टक्के, ४० टक्के’ अशा रांगा आणि त्याखाली आमची नावं, नोकरीची वर्षं. माझं नाव त्यांनी बोट लावून वाचलं. “बारा साल?” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “आमाला वाटलं, हॉटेलात तुमी फेकताव.” स्कूटी वळवून गेले. पत्राची चौकशी त्यानंतर थोडी मऊ झाली, थांबली नाही. बापच तो. त्यालाही मुलीचं वर्ष दिसत होतं.

मी मामांना बाजूला घेतलं. “मामा, हे काही खरं नाही. मतदान झालंय. तुम्हीच म्हणता, जनता मालक.”

“मालकच हाय. जनतेनं म्हनलं, द्या. कवा द्या, म्हनलं का?” मग खिशाच्या बटणावर हात ठेवून म्हणाले, “एकतीस वर्षांत माझ्या हातून एक टपाल हरवलं नाय, सर. ह्येबी पोचनार. पन कागद फुडं ढकलायला साहेब लागतो. कागद थांबवायचं काम शिपायाचं. ती इद्या तुमच्या बी. एड.ला नसती.”

मग मामा रोजच चौकात यायला लागले. मास्तरांचा संप असल्यामुळं मांडवात हजेरी घेतली जायची, अगदी क्रमांकानं. चौथ्या दिवशी कुणीतरी हजेरीपटावर शेवटी लिहिलं: ‘खरात मामा’. नाव पुकारलं तसे मामा दचकून उभे राहिले. “हजर!” एवढ्या मोठ्यानं म्हणाले की सिग्नलला थांबलेले लोक वळून बघायला लागले. त्या दिवसापासून ते नऊलाच यायचे. जार भरायचे, सतरंज्या झटकायचे, गणिताच्या जुन्या मास्तरांना बीपीची गोळी वेळेवर द्यायचे. दुपारी डबे उघडले की मधोमध बसायचे आणि पंचवीस डब्यांतलं एकेक चमचा खायचे. “पोलिंग पार्टीत आसंच असायचं,” म्हणायचे. “शाळेच्या वऱ्हांड्यात गोल बसायचं. एका मास्तरची भाकर, दुसऱ्याचा ठेचा. मामा, घे रे. मामा, अजून घे.” असं बोलताना ते चौकातल्या गर्दीकडं पाहायचे, पण त्यांना गर्दी दिसत नसावी.

पाचव्या आठवड्याच्या अखेरीला आश्वासन मिळालं. पुढच्या टप्प्याचा निर्णय लवकरच. आश्वासनावर संप मिटवायची आम्हाला सवय आहे. गुलाल उडाला, पेढे वाटले, सेल्फी निघाल्या. ज्याला त्याला घरी जायची घाई. तासाभरात मांडव रिकामा. राहिलो मी आणि मामा. मामा सतरंजी घडी घालत होते. घातलेली घडी उलगडून पुन्हा घालत होते.

“सर, आश्वासनावर उठायचं नसतं,” ते एकदम म्हणाले. “फसवतेत. अजून चार दिवस बसा की.”

“मामा, पोरांची परीक्षा आहे.”

“व्हय, ते बी हाय.” थोड्या वेळानं पुन्हा, “दोन दिवस तरी?”

मला आधी वाटलं, मामा भलतेच लढाऊ झालेत. त्यांच्या हातातल्या सतरंजीकडं पाहिलं तेव्हा कळलं. मामी गेल्यापासून त्यांच्या घरात माणूस यायचा तो फक्त मत द्यायला. म्हणून एका मतदाराला दहा मिनिटं लागायची. आणि मी, शिकलेला माणूस, आठ वर्षं असं समजत होतो की त्यांना आमचा चहा आवडतो.

सोमवारी शाळा भरली. पहिलाच तास दहावीचा. श्रेया पहिल्या बाकावर, भूमितीचं पुस्तक उघडून. दुसऱ्या तासाला ऑफिसात आलो तर अध्यक्ष बसलेले आणि त्यांच्यासमोर मामा, कडक इस्त्रीच्या खाकी शर्टात, सावधान उभे. पत्र समक्ष दिलेलं होतं. अध्यक्षांनी वाचलं, चष्म्यावरून पाहिलं. “अहो, संप तर मिटला!”

“व्हय साहेब. टपाल मातर पोचलं पायजे.”

अध्यक्षांनी पत्राच्या कोपऱ्यात ‘दप्तरी दाखल’ असं लिहिलं, सही केली. “सर, ह्यांना तेवढी पोच देऊन टाका, क्लार्क रजेवर आहे,” मला म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

मामा पत्राची प्रत हातात धरून उभे. शिक्का टेबलावर, माझ्या समोर. एक ठोका मारला की मामांचं काम संपणार होतं. मग ते गल्लीत जाणार, कुलूप काढणार, आतल्या खोलीत बसणार. ऑफिसच्या दाराबाहेर शिपायाचं लाकडी बाकडं चार वर्षांपासून रिकामं होतं. आमचा शिपाई निवृत्त झाला, जागा भरलीच नाही.

मी शिक्का उचलला आणि टेबलाच्या खणात टाकला.

“मामा, शिक्का सापडत नाही. बसा जरा.”

मामांनी खणाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं दारातून डोकं आत आलं.

“सर, हितं टोले कोन देतं?”

“पोरंच देतात, मामा.”

“पोरांचं काय खरं. घड्याळ बगून द्यावं लागतंय.”

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मामा हजर. “सापडला का शिक्का?”

“नाही.”

“ऱ्हाऊ द्या. मी हाय हितं.”

हे पावणेदोन वर्षं चाललं. शाळेच्या कागदावर मामा कुणीच नव्हते. पण तास वेळेवर व्हायचे, माठ भरलेला असायचा, आणि पाचवीच्या वर्गप्रमुखाची निवडणूक आमच्या शाळेत पहिल्यांदाच गुप्त मतदानानं झाली. अध्यक्षांनी एकदा विचारलं, “हे गृहस्थ कोण?” मी म्हणालो, “पोच न्यायला आलेत.”

गेल्या दिवाळीनंतर गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. निघायच्या दिवशी मामा त्या गाडीतूनच शाळेत उतरले, काठी टेकत ऑफिसात आले. या वेळी त्यांनी शिक्का सापडला का, असं विचारलं नाही. खिशाचं बटण काढलं, घड्यांवर फाटत आलेली प्रत टेबलावर ठेवली.

“आता मारा, सर.”

मी खण उघडला. पॅड वाळून गेलं होतं, त्यावर पाण्याचे थेंब टाकले. शिक्क्यावरची तारीख मागं फिरवायला लागलो, त्या सोमवारवर. कागदावर उशीर दिसू नये म्हणून. मामांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“आजचीच ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “आजपातुर ड्युटीवर व्हतो मी.”